फिशटँकवाल्या काकांना, जरा उशिराच

काका, नमस्कार.

दोन वर्षं तुमच्या दुकानात फुकट उभी राहिले आणि आभार म्हणून कधी नीट मानले नाहीत. समोर येऊन मानायला गेले तर तुम्ही 'बरं बरं, ती जाळी द्या इकडं' म्हणून विषय संपवणार. म्हणून हे पत्र. मोबाइलवर अक्षरं बारीक दिसली तर सूनबाईंकडून वाचून घ्या.

पहिल्यांदा मी मासे घ्यायला आलेच नव्हते. जुलैचे दिवस, सांगलीत आठवडाभर झड लागलेली, गळ्यात नुकताच घेतलेला सेकंडहँड कॅमेरा. तो भिजू नये म्हणून तुमच्या पत्र्याखाली उभी होते. 'आत या की, दारात कशाला थांबलाय?' म्हणालात. आत आले आणि आल्या आल्या निऑन टेट्रांच्या टाकीवर धाडकन फ्लॅश मारला. सगळे टेट्रा फिल्टरमागे. फोटोत पांढरा गोळा आणि माझाच चष्मा. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात बाबांनी रोलच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो हुबेहूब असाच आला होता. त्यात माशाऐवजी बाबांचा हात आहे.

तुम्ही रागावला नाहीत. 'फ्लॅश नको, बिचकतात ती. वर दिवा आहे की.'

माझी मॅन्युअल मोडची, म्हणजे सगळं हाताने ठरवायची, शिकवणी तिथून सुरू झाली, कारण फ्लॅश बंद केल्यावर ऑटोने शटर सेकंदाच्या १/१५ वर नेलं आणि टेट्राची नुसती निळी रेघ उमटली. मग मी १/२५० केलं, तर फोटो काळाठिक्कर. माझी लेन्स कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी १८-५५, झूमला पुढे ओढली की तिचं छिद्र एफ/५.६ च्या पलीकडे उघडतच नाही. उरला आयएसओ, म्हणजे कमी उजेडातही फोटो उजळ करायची सेटिंग, आणि तो वाढवायची मला भीती, कारण 'फोटोला दाणे पडतात' हे कुठेतरी ऐकलेलं. शेवटी ३२०० केला. दाणे पडले, पण डोळा दिसला. मासा दाणेदार चालतो, पुसट चालत नाही, एवढं त्या दिवशी कळलं.

तरी एक भानगड उरलीच होती. शटरचा वेग वाढवला की एकाच फोटोत अर्धा एंजल मासा उजेडात, अर्धा अंधारात. मला वाटलं, कॅमेऱ्याच्या नावाखाली कुणीतरी डबा गळ्यात मारला. तुम्ही माशांना खाणं टाकता टाकता म्हणालात, 'दिवा स्वस्तातला आहे, फडफडतोय. गिऱ्हाइकाला व्हिडिओ पाठवला की त्यातपण पट्टे येतात.' घरी जाऊन वाचलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे असला दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. शटर १/१०० ठेवलं की प्रत्येक फोटोला एक पूर्ण फडफड मिळते आणि पट्टे जातात. दुसऱ्या दिवशी येऊन करून बघितलं. गेले!

पण १/१०० ला पळणारा मासा हलतोच. इथे कॅमेऱ्याचा इलाज संपला आणि तुमचा सुरू झाला. 'पळताना कशाला काढताय? वळू दे. वळताना थांबतो तो.' मी अर्धा तास बटण न दाबता नुसती एंजलकडे बघत बसले. खरंच, काचेपाशी येतो, वळायच्या आधी क्षणभर नुसता तरंगतो, परांची तेवढी बारीक हालचाल. त्या क्षणाला १/१०० पुष्कळ होतं.

आणि ती काच! फोकस सारखा चुकतोय म्हणून मी कुरकुरत होते, तर तुम्ही हातातलं सिलिकॉनचं काम बाजूला ठेवलंत, चार मिलिमीटरची एक पट्टी कटरने कापलीत, कडा घासल्यात आणि छोट्या टाकीत पुढच्या काचेपासून चार बोटांवर उभी सरकवलीत. फायटर मासा त्या गल्लीत. आता त्याला मागे पळायला जागाच नाही, त्यामुळे फोकस एकदा हाताने लावून ठेवला तरी चालत होता. फोकसची खोली म्हणजे काय, किती सेंटिमीटरभर मासा स्पष्ट राहतो आणि लेन्सचं छिद्र लहान केलं की ते किती वाढतं, हे मला त्या गल्लीत समजलं. वर तुम्ही बाजूला दाढीचा आरसा धरलात. फायटर कल्ले फुलवून स्वतःशीच भांडायला उठला. मी आणखी हवं म्हणत होते, पण दोन मिनिटांत आरसा खिशात. 'पुरे. दमतोय तो.'

माझा पांढरा कुर्ता काचेत दिसायचा म्हणून दुकानातला पोरगा माझ्यामागे काळी छत्री उघडून उभा राहायचा. दुकानात छत्री उघडली म्हणून तुमच्या आई रोज ओरडायच्या. त्यांनाही नमस्कार सांगा. आणि दिवा लावल्या लावल्या निऑन फिके असतात, रंगाला यायला वेळ द्यावा लागतो, हेही तुमच्याकडूनच. नाहीतर मी व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगांची सेटिंगच बदलत बसले असते.

या सगळ्यात तुम्ही कॅमेरा एकदाच हातात घेतलात, वजन बघायला.

माझ्याकडे मागितलात तो एकच फोटो, तोही त्या सकर माशाचा. काचेला पोटाकडून चिकटलेला, तोंडाची गोल वाटी. 'नातीला दाखवायचाय, तिला तो दिवा लागलेला चांद वाटतो.' सकर हलत नाही, म्हणून लेन्स काचेला सरळ टेकवली, शटर १/२५, आयएसओ ८००, आणि दाणे जवळजवळ नाहीत. बारा बाय आठची प्रिंट केली आहे. शनिवारी चारच्या सुमाराला घेऊन येते. काचेची पट्टी मात्र एवढ्यात परत मागू नका.

तुमची,
छत्रीवाली