आजोबांची घसरगुंडी उतरवताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

पत्राचं उत्तर लांबलं, त्याबद्दल शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. ‘लेकीला धंद्यात ओढू नकोस, तिचं तिला ठरवू दे,’ असं तू लिहिलंस आणि मला हसू आलं. ओढतंय कोण? गेल्या महिन्यात तिने मला आणि बाबांना एकाच दुपारी गप्प बसवलं. तेच सांगायला बसलेय.

बागांची खेळणी बनवणाऱ्या आमच्या वर्कशॉपच्या आवारातली आजोबांची लोखंडी घसरगुंडी तुला आठवतच असेल. तू वर चढून बसायचास आणि मागची पोरं ओरडेपर्यंत खाली यायचा नाहीस. तीच. ती उतरवायची असं मी ठरवलं. गंज पायांपर्यंत पोचला होता, आणि खरं सांगायचं तर कारण गंजाचं नव्हतं. आमच्याकडे येणारा प्रत्येक ग्राहक आधी तिच्याकडे बघतो आणि मग माझ्या सुरक्षिततेच्या गप्पा ऐकतो. काखेत असली घसरगुंडी आणि तोंडात नियमावली!

उतरवण्याआधी लेकीने तिची मापं घेतली. पत्रा चौदा फुटांचा, वरचा कठडा सोडून उंची साडेदहा फूट. म्हणजे उतार जवळजवळ ४९ अंशांचा. ज्या युरोपीय मानकावर आम्ही काम करतो, त्या ईएन ११७६ मध्ये घसरगुंडीचा सरासरी उतार ४० अंशांपेक्षा जास्त चालत नाही, आणि कुठल्याही खेळण्यावरून मूल पडू शकेल अशी उंची ३ मीटरच्या, म्हणजे जवळजवळ दहा फुटांच्या वर जाऊ देत नाहीत. आजोबांनी दोन्ही ओलांडलं होतं. शेवटी सपाट भागही नाही. पत्रा सरळ जमिनीत घुसतो, त्यामुळे मूल थांबत नाही, आपटतं. तुझी दोन वेळा सोललेली ढोपरं त्याचीच.

पण आजोबांना अडाणी समजू नकोस. झोपाळ्याचं त्यांनी मला जे शिकवलं ते मी अजून नव्या पोरांना तसंच शिकवते. एका झोपाळ्यावर मला बसवायचे, शेजारच्यावर आमच्या थोराड मिस्त्रींना, दोघांना सारखंच मागे ओढून एकदम सोडायचे. आम्ही दोघं बरोबरीने जायचो, बरोबरीने यायचो. ‘वजनाचा काही संबंध नाही, साखळीचा आहे,’ म्हणायचे. साखळी दोन मीटरची असली तर एक फेरी साधारण २.८ सेकंदांची. ती दुप्पट लांब वेळेची हवी असेल तर साखळी चौपट करावी लागते. आजोबांना सूत्र माहीत होतं की नाही, मला कधी कळलं नाही. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते मोजायचे आणि कडी एकेक करून वर सरकवायचे. शेजारच्या दोन झोपाळ्यांच्या साखळ्या कधी कमीजास्त ठेवल्या नाहीत, कारण दोन मैत्रिणींना बरोबर झुलता आलं पाहिजे.

बाबांचं सगळंच उलट. त्याला कारण आहे, ते तुला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरात तो विषय निघत नाही.

बाबांनी नव्यानेच हाती घेतलेल्या एका बागेत चढायची मचाण होती. कठड्याच्या उभ्या सळ्यांमध्ये साधारण पाच इंचांचं अंतर. बाबांनी ते बघितलं होतं, ‘मूल काही पडत नाही यातून’ म्हणून पास केलं होतं. पडलं नाहीच. चार वर्षांची एक मुलगी पाय पुढे करून त्यातून सरकली. पाय गेले, कंबर गेली, खांदे तिरके होऊन गेले, आणि डोकं अडकलं. बाबा तिथेच होते. त्यांनी खालून तिचे तळपाय आपल्या तळहातांवर घेतले आणि मिस्त्री सळी कापेपर्यंत तिचं वजन तोलून धरलं. पोरीला काही झालं नाही. पाच मिनिटांनी ती पुन्हा मचाणीवर चढायला निघाली. बाबा मात्र त्या रात्री जेवले नाहीत, असं आई सांगते.

लहान मुलाचं डोकं बाकीच्या अंगाच्या मानाने मोठं असतं, साधी गोष्ट. आपण मोठी माणसं फटीकडे बघताना आपलं डोकं आधी घालून बघतो, मूल पाय आधी घालतं. म्हणून फट एक तर ८९ मिलिमीटरपेक्षा लहान हवी, म्हणजे धडच जाणार नाही; नाही तर २३० मिलिमीटरपेक्षा मोठी, म्हणजे डोकंही सहज निघेल. मधलं सगळं घातक, आणि त्या मचाणीचे पाच इंच म्हणजे १२७ मिलिमीटर. बाबांनी त्या मापाचे दोन लाकडी ठोकळे करून घेतले आणि त्यानंतर कायम ते खिशात घेऊन फिरले. लग्नाच्या मांडवात, दवाखान्यात, नातेवाइकांच्या जिन्यावर. कठडा दिसला की ठोकळा बाहेर. आईची चिडचिड व्हायची, आम्हाला लाज वाटायची.

बाबांच्या काळात आमचा धंदा वाढला तो त्या ठोकळ्यांवरच. आणि आमची खेळणी कंटाळवाणी झाली तीही त्याच काळात. हे मी बाबांना तोंडावर बोलले होते, तेव्हा आमचा आठवडाभर अबोला. खेळणी सगळी बुटकी, सगळीकडे कठडे. मुलं मग काय करतात? घसरगुंडीच्या छपरावर चढतात. धोका आपण काढून टाकला की मूल तो स्वतः शोधतं, आणि तिथे आपला ठोकळा पोचलेला नसतो.

मला धीर आला तो बाहेरच्या लोकांचं काम वाचून. कोपनहेगनमध्ये सोरेनसेन नावाच्या उद्यानरचनाकाराने बघितलं की त्याच्या नीटनेटक्या बागांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी जास्त रमतात. १९४३ मध्ये, देशावर जर्मनांचा ताबा असताना, एमड्रुपला फळ्या, विटा आणि भंगार मुलांच्या हवाली करणारं मैदान उघडलं. आल्डो व्हान आइक या डच वास्तुरचनाकाराने १९४७ पासून अ‍ॅमस्टरडॅममध्ये रिकाम्या पडलेल्या तुकड्यांवर सातशेहून जास्त जागा केल्या. वाळूचा खड्डा, उड्या मारायचे दगडी ठोकळे, कोलांट्यांचे लोखंडी दांडे, बस. हत्ती नाही, बदक नाही. कशाशी काय खेळायचं हे मुलावर सोडलेलं. (आमच्या गोदामात अजून सहा फायबरची बदकं पडून आहेत. तुला हवं तर एक पाठवते.)

आणि घराण्याच्या धंद्याचं म्हणशील तर जंगल जिमची गोष्ट माझी सर्वांत लाडकी. चार्ल्स हिंटन नावाचा गणिती. चौथ्या मितीच्या नादाने झपाटलेला. आपल्या मुलांना निदान तीन मिती अंगात मुरू देत म्हणून त्याने बांबूचा चौकटीचौकटींचा सांगाडा बांधला आणि आकडे पुकारून पोरांना त्या त्या कोपऱ्यावर चढायला लावायचा. गणित राहिलं बाजूला, पोरांना चढण्यातच मजा. त्यातला सेबॅस्टियन मोठा होऊन शिकागोकडे पेटंटचा वकील झाला, आणि बापाचा तो सांगाडा आठवून त्याने लोखंडी नळ्यांचा करवला. १९२३ मध्ये त्याचं पेटंट निघालं. बापाने दिलं एक, मुलाने घेतलं दुसरंच.

तर त्या दुपारचं. मी कटरवाल्याला बोलावून ठेवलं होतं. बाबा काठी टेकत आले आणि घसरगुंडीला पाठ लावून उभे राहिले. ‘कापायची नाही.’ मी थक्क! ज्या माणसाने तिच्यावरून आजोबांशी उभा दावा मांडला, मला लहानपणी तिच्यावर चढू दिलं नाही, तो म्हणतो कापायची नाही. मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. ठोकळ्यांपासून अबोल्यापर्यंत सगळं निघालं.

लेक मध्येच म्हणाली, ‘अहो, पत्रा वाईट नाहीये. त्याच्या खाली हवा आहे, ते वाईट आहे.’

तिने वहीत काढून दाखवलं. मातीची टेकडी करायची, साडेआठ फुटांची, आणि पत्रा तिच्या उतारात बसवायचा. उतार साधारण ३७ अंशांवर येतो. कडेने मूल कलंडलं तर ते हातभर खालच्या मातीवर, आभाळातून नाही. खाली चार फूट सपाट पत्रा जोडायचा. तोंड उत्तरेला, म्हणजे उन्हात पत्रा त्यातल्या त्यात कमी तापेल.

बाबांनी वही हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, ‘३७ अंशांवर माती उभी राहत नाही. पहिल्या पावसात खाली येईल.’ मुद्दा बिनतोड होता. लेकीचा चेहरा उतरला. मग मी, जी दहा मिनिटांपूर्वी कटरवाल्याला घाई करत होते, मीच म्हटलं की पत्र्याच्या दोन्ही अंगांना ओंडके अर्धे गाडू, माती धरली जाईल आणि पोरांना चढायलाही होईल. बाबा म्हणाले, ‘ओंडके एकसारखे नको. पाय बघून टाकावा लागला पाहिजे.’ मित्रा, हे बाबा म्हणाले!

कटरवाल्याचे अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन त्याला परत पाठवलं.

संध्याकाळी लेक एकटीच घसरगुंडीपाशी दिसली. डोळे मिटून पत्र्याच्या खालच्या कडेवरून बोटं फिरवत होती, हळूहळू, एकेक वीत. आजोबा असंच करायचे. ते गेले तेव्हा ही जन्मलीही नव्हती, मग हे हिने कुठून उचललं? विचारलं तर म्हणते, ‘तू करतेस की.’ मला स्वतःला पत्ता नव्हता. एका जागी तिचं बोट थांबलं. सांध्यापाशी पत्र्याला बारीक धार उरली होती, इतकी वर्षं, तिथे कोणाचा हात पोचत नाही अशा जागी. तिने खडूने खूण केली.

माती गुरुवारी येतेय. पहिला ट्रक सातला. बाबांनी लेव्हलची नळी कालच काढून धुऊन ठेवलीय आणि मला दोनदा विचारलं की ओंडके कोण निवडणार आहे. तू येणार असलास तर रविवारच्या आत ये, तोवर टेकडी नुसती मातीची असेल आणि वर चढायला कोणी अडवणार नाही. जुनी पॅंट आण.

तुझीच,
मी