सागा म्हणजे गाथा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील आइसलँडवरच्या लेखात 'सागा'साठी, म्हणजे तिथल्या मध्ययुगीन कथनांसाठी, सर्वत्र 'गाथा' हा शब्द वापरला आहे. नाद जुळतो, पण गाथा गायची असते आणि सागा हे मुख्यतः गद्य. 'सेग्या' म्हणजे सांगणे, या प्राचीन नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) क्रियापदावरून हा शब्द आला. जर्मन 'झागेन' आणि इंग्रजी 'से' त्याच कुळातले. आइसलँडमध्ये आजही इतिहासाला सागाच म्हणतात. स्वीडिशमध्ये मात्र तोच शब्द परीकथेला लागतो, निम्मा घोळ तिथलाच.

सांगितलेले म्हणजे ऐकीव, असेही नाही. आइसलँडचा इतिहासकार आरी थोर्गिल्सनने 1122 ते 1133 च्या दरम्यान 'ईस्लेंडिंगाबोक' हा आइसलँडचा इतिहास लिहिताना कोणती माहिती कोणाकडून मिळाली ते नावानिशी नोंदवले. थुरिदुर नावाच्या बाईंबद्दल तर त्या बहुश्रुत आणि खोटे न सांगणाऱ्या, असा शेराही मारला. आइसलँडमधल्या वसाहतीची सुरुवात त्याने 870 च्या सुमाराची धरली. तिथले जवळपास सगळे जुने अवशेष ज्वालामुखीच्या राखेच्या एका थराच्या वर सापडतात. ग्रीनलंडच्या बर्फातील राखेशी ताळा घालून त्या थराचे वर्ष आधी 871 आणि नव्या मोजणीत 877 निघाले. आरीचा हिशेब फारसा चुकला नव्हता!

राजांच्या सागांत मधूनमधून दरबारी कवींची कवने येतात. आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसनने (1179–1241) त्यांवर भिस्त का ठेवली ते 'हेइम्सक्रिंगला' या नॉर्वेच्या राजांच्या सागासंग्रहाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे: न केलेला पराक्रम राजाच्या तोंडावर गाणे ही स्तुती नव्हे, टिंगल ठरेल. शिवाय वृत्त कडक. आठ ओळी, ओळीत साधारण सहा अक्षरे, अनुप्रास आणि अंतर्यमके ठरलेली. मधला शब्द बदलला की वृत्त मोडते. म्हणून आधी कवन तपासावे, मग भोवतालचे गद्य.

आइसलँडमधल्या घराण्यांच्या सागांबाबत जपून राहावे. घटना बहुतांशी 930 ते 1030 मधल्या, लेखन तेराव्या शतकापासूनचे. वंशावळी आणि गावांची नावे उपयोगी पडतात, पण संवाद लेखकाचे असतात आणि त्याच्या काळचा कायदाही नकळत जुन्या घटनांना चिकटवला जातो. लेखात उद्धृत केलेले संवाद म्हणूनच पुरावा ठरत नाहीत.

लेखासोबतचे रुनी (उत्तर युरोपातली जुनी) लिपीचे चित्रही गैरलागू आहे. सागा रोमन लिपीत, वासराच्या कातड्यावर लिहिल्या गेल्या; एकट्या 'फ्लातेयारबोक' या हस्तलिखिताला 113 कातडी लागली. प्रतिशब्द हवाच असेल तर 'बखर' त्यातल्या त्यात जवळची: तीही गद्य, आणि बहुधा घटनेनंतर उशिराने लिहिलेली.

आपला,
एक वाचक, पुणे