आई-बाबा, जागा घेतलीये, आता चिडू नका

आई, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस, तुझी सवय मला माहितीये. कोथरूड ते सदाशिव पेठ एवढ्यासाठी हिला पत्र काय सुचतंय असं म्हणाल, पण समोर येऊन विषय काढला की बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून "आधी ताठ बस" म्हणतात, तू चहा टाकतेस आणि विषय तिथेच राहतो.

तर आमच्याच सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट मी तुमच्यासाठी भाड्याने घेतलाय. लिफ्ट आहे. डिपॉझिट भरलं, अ‍ॅग्रीमेंटही झालं. पेठेतलं घर विकायचं नाहीये, भाड्यानेही द्यायचं नाहीये, खालच्या दवाखान्याच्या खोलीला तर कुणी हातसुद्धा लावणार नाही, हे आधीच सांगून ठेवते कारण बाबांचा पहिला प्रश्न तोच असणार.

मला कळलंय. बाबा दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर घामाघूम होऊन बसले होते, पिशवीतले मटार खालपर्यंत गडगडत गेले होते आणि खालच्या काकू ते गोळा करत होत्या. तुम्ही सांगितलं नाहीत, त्यांनी सांगितलं. त्यावर भांडायचं नाहीये मला. गोळ्यांवर भागलं, नशीब. पण त्यात आईच्या हाडांचा रिपोर्ट तो तसा, आणि बाबा, तुम्हीच पेशंटना सांगायचात ना, चढताना नुसती धाप लागते, माणूस पडतो तो उतरताना. तीन मजले लिफ्टशिवाय, दिवसातून दोनदा. असा पेशंट तुमच्याकडे आला असता तर काय सांगितलं असतंत?

परवा तुमची मेडिक्लेमची फाईल शोधायला दवाखान्याचं कपाट उघडलं आणि तिथेच बसून राहिले. ती पाटी मिळाली. "सलूनमध्ये मान मोडून घेतलेल्यांनी तसे आधी सांगावे." केवढे हसायचे लोक, पण तुम्ही ती गंमत म्हणून लावलीच नव्हती. चंपी करता करता मान कटकन फिरवतात त्यात मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दुखावू शकते, हे तुम्ही प्रत्येकाला चार वेळा सांगायचात, आणि म्हाताऱ्या माणसांची मान तर तुम्ही स्वतःही कधी झटक्याने फिरवली नाहीत.

आणि डेव्हनपोर्टचा तो फोटो, मागे मिसिसिपी, अंगात कुणाचा तरी मोठा कोट. 1973 साली घरातून पैसे उसने घेऊन आयोवाला जायचं, ते पण काय शिकायला तर कायरोप्रॅक्टिक, हातांनी मणके बसवायची विद्या! 1895 साली तिथे ही विद्या सुरू करणाऱ्या पामरने एका सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं म्हणे, ही गोष्ट तुम्ही रंगवून सांगायचात आणि वर म्हणायचात, "कानाचं मला विचारू नका, मला पाठीपुरतं कळतं." परत आलात तर इथे नाव नोंदवायला तुमच्या विद्येची कौन्सिलच नव्हती. आजोबा म्हणाले, हाडवैद्यच व्हायचं होतं तर अमेरिका कशाला. पाटीवर तुम्ही नावामागे डॉक्टर लावलं नाहीत. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, आता फार भारी वाटतं. आणि आई, तुझ्या माहेरी "पण ते नक्की करतात काय" हे लग्न झाल्यावरही विचारत होते आणि तू अपॉइंटमेंटची वही घेऊन खाली जाऊन बसायला लागलीस.

पाठ केली की तुमचं बोट मानेपासून खाली यायचं. मानेचे सात, पाठीचे बारा. "बघू गं तुझा सातबारा!" मग कमरेचे पाच, ते "पाच गुंठे वरकड". गुदगुल्या व्हायच्या पण मी हलायचे नाही, हललं की पहिल्यापासून मोजायचात ना. शाळेत मणके किती विचारले तेव्हा मी सातबारा आणि पाच गुंठे असं लिहून आले होते आणि बाईंनी तुम्हाला भेटायला बोलावलं होतं. पेशंटला झोपवायच्या टेबलाचा तो सुटा भाग दाबल्यावर ठक् करून खाली बसला की मी वर स्वयंपाकघरात दचकायचे, वाटायचं कुणाचं तरी हाड मोडलं. तुम्ही सांगितलंत, तो नुसता टेबलाचा आवाज, आणि माणसाचा कट् येतो तो सांध्यातल्या पाण्यात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा.

मार्केट यार्डातले हमाल यायचे ते मला आठवतात, शंभर किलोची पोती उचलणारे. त्यांच्याकडून पैसे घेतलेले मी कधी बघितले नाहीत. घरी मात्र कोथिंबिरीला कधी तोटा नव्हता. आणि ते काका, ज्यांना लघवीचं भान राहिलं नव्हतं, पाय बधिर झाले होते, त्यांना तुम्ही टेबलावर घेतलंच नाहीत, रिक्षात घालून थेट हॉस्पिटलला नेलंत, तेवढ्यात बाहेर बसलेले दोघं चिडून निघून गेले. आजही जेवताना तुम्ही त्यांची चौकशी करता. हात लावायचा नाही हे ज्याला कळतं तोच खरा, असं म्हणायचात. मी तेच तुमच्या जिन्याला लावतेय.

इथे सगळं आहे. दूध चितळेंचंच, सकाळी सहाला दारात. पेपर सांगितलाय. गॅलरी पूर्वेला आहे, तुळस आणि झोपाळा दोन्ही मावतात, मी मोजून बघितलंय. मंडई सुटत नाहीये, आनंदनगरला मेट्रोत बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, मंडईला उतरायचं, वर यायला लिफ्ट आहे. मग दवाखान्यात जाऊन बसा खुशाल, टेबल पुसा, पंखा लावा, जुने पेशंट येतील गप्पा मारायला. फक्त कुणाची मान हातात घ्यायची नाही. बोटं थरथरतात हे तुम्हालाही माहितीये. हे लिहिताना मला कसं वाटतंय ते नाही सांगत.

रविवारी दहाला टेम्पो येणार. बाबा, एकही खोकं उचलायचं नाही, कमरेत कसं वाकायचं याचं लेक्चर मुलांना खुर्चीत बसून द्या, हवं तेवढं. आई, लोणच्याच्या बरण्या टेम्पोत टाकू नकोस, मी मांडीवर घेऊन येईन. बीपीच्या गोळ्या तुझ्या पर्समध्ये ठेव, सामानात नको. आणि शनिवारी रात्री आवरत बसू नका, झोपा. सोमवारी मी रजा टाकलीये, जेवायला साधा वरणभात करते.

तुमची
चिमी

ता. क. बाबा, नवीन गादी कडक घेतलीये. बसून बघा, आवडली नाही तर दुकानदार परत घेतो म्हणालाय, मी लिहून घेतलंय त्याच्याकडून.