रिकाम्या रापणीचा शॉट परत लाव

प्रिय मुक्ता,

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मला धड बोलता आलं नाही, शेजारी आत्या बसली होती आणि तुझा आवाज असा झाला होता की मी अजून एक शब्द बोललो असतो तर तू रडलीच असतीस, म्हणून नुसतं हो हो करून फोन ठेवला आणि मग पहाटेपर्यंत तेच डोक्यात. "कोकणाबाहेर कोण बघणार हे?" असं ज्यांनी तुला सांगितलं त्यांनी तुझी रापणीवरची, म्हणजे होडीने समुद्रात टाकून किनाऱ्यावरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्यावरची, फिल्म शेवटपर्यंत बघितली का, हे मला माहीत नाही. पण जवळजवळ हेच वाक्य साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत ब्रूस ब्राऊन नावाच्या माणसाला ऐकून घ्यावं लागलं होतं, आणि त्याची गोष्ट तुला मी कधी नीट सांगितलेलीच नाही. ती आज सांगतो, फोनवर जमणार नाही म्हणून लिहितोय.

त्याची फिल्म म्हणजे 'द एण्डलेस समर'. मी ती पहिल्यांदा बघितली पुण्यात, एका मित्राच्या खोलीवर, व्हीसीआर भाड्याने आणून, कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी, रंग सगळे ओघळलेले. मी तेव्हा शेतीवरच्या माहितीपटांना असिस्टंट कॅमेरामन म्हणून जायचो आणि पोहायला शिकलो ते विहिरीत. सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत जाणं, हे सुद्धा माहीत नव्हतं. फिल्म संपली आणि आम्ही कॅसेट मागे फिरवून परत पहिल्यापासून लावली. चौघे होतो, चौघेही दुष्काळी भागातले, एकाचंही समुद्राशी काही नातं नाही. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

गोष्ट म्हटली तर एवढीशी आहे. कॅलिफोर्नियाची सर्फिंग करणारी दोन पोरं, माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट, रॉबर्टने तर नुकतीच शाळा संपवलेली, आणि बरोबर ब्रूस कॅमेरा घेऊन. नोव्हेंबर १९६३ मध्ये निघाले. कल्पना अशी की कॅलिफोर्नियात थंडी पडली, पाणी गार झालं की विषुववृत्त ओलांडून खाली जायचं, तिकडे तेव्हा उन्हाळा, आणि असं उन्हाळ्याच्या मागे मागे पृथ्वीभोवती फिरत राहायचं. (आपल्या सोलापुरात न संपणारा उन्हाळा म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा येईल, पण त्यांच्यासाठी उन्हाळा म्हणजे कोमट पाणी आणि सुट्टी.) आणि मजा बघ, जगप्रदक्षिणा घालायची हे आधी ठरलेलंच नव्हतं. त्यांना जायचं होतं दक्षिण आफ्रिकेला, ट्रॅव्हल एजंटने सांगितलं की लॉस एंजेलिस ते केप टाऊन जाऊन येऊन तिकिटापेक्षा अख्ख्या जगाला वळसा घालून येणं पन्नास डॉलरने स्वस्त पडतं, म्हणून मग सेनेगल, घाना, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती, हवाई. तू मालवणला गेलीस ती मैत्रिणीच्या लग्नाला आणि तिथून रापणीच्या मागे लागलीस, म्हणून मला ही पन्नास डॉलरची गोष्ट फार आवडते.

आता कॅमेऱ्याचं. १६ एमएमवर शूट केलंय, बोलेक्स कॅमेरा. तू लहानपणी माझ्या कपाटातला जो जड काळा डबा उघडून लेन्स फिरवत बसायचीस तोच. तो चावीवर चालतो, बाजूच्या दांड्याने स्प्रिंग गच्च पिळायची, बटण दाबलं की करकर आवाज करत चालू, आणि एका चावीत साधारण २८ सेकंद मिळतात, मग थांबतो. १०० फुटांचं रीळ सेकंदाला २४ फ्रेमने पावणेतीन मिनिटांत संपतं. मग झाडाखाली उन्हाकडे पाठ करून नवीन रीळ भरायचं, तेवढ्यात समोर जे घडायचं ते घडून गेलेलं असतं. आम्ही मळणीचे शॉट घ्यायचो तेव्हा बटणावर बोट ठेवून श्वास धरून उभे असायचो, कारण रीळ महाग आणि उगाच दाबलं तर ओरडा. तुला आज हे कळणं अवघड आहे, तुझं कार्ड दोन तास चालतं. पण त्या फिल्ममधला एकेक शॉट बघताना मला ते बटणावरचं बोट दिसतं. आणि असा माणूस दक्षिण आफ्रिकेत केप सेंट फ्रान्सिसला पोचतो.

तो भाग मी आजवर किती वेळा बघितला असेन माहीत नाही. दोघं बोर्ड घेऊन वाळूच्या टेकड्यांवरून चालतायत, पायातलं बळ संपेल एवढी वाळू, चढायचं उतरायचं परत चढायचं, आणि शेवटच्या टेकडीवरून खाली बघतात तर समोर लाट. छोटीच, छातीएवढी असेल नसेल. पण एका टोकाला फुटायला लागते आणि तशीच, शाळेच्या दप्तराची चेन कोणी हळूहळू उघडत न्यावी तशी, किनाऱ्याकडेने फुटत फुटत जाते, मध्ये कुठे तुटत नाही, कोसळत नाही. माइक त्या लाटेवर उभा राहतो आणि उभाच. ब्रूस सांगतो की त्या सफरी एवढ्या लांब की बऱ्याचशा रिळाच्या एका सलग तुकड्यात मावल्याच नाहीत. माझ्यासारख्या चावी भरणाऱ्या माणसाच्या डोळ्यात त्या जागी पाणी येतं, दरवेळी येतं.

ती लाट तशी का होते तेही सांगतो, मी मुद्दाम शोधून वाचलं. खाली अंटार्क्टिकाच्या बाजूला वादळं होतात, त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर चालत येतात, वाटेत आडवंतिडवं सगळं गळून जातं आणि नुसत्या स्वच्छ ओळी उरतात. त्या ओळी भूशिराला वळसा घालतात, उथळ पाण्यात लाटेचा पाय अडतो आणि डोकं पुढे जातं, म्हणून ती फुटते. तळ तिरका असला तर सगळी लाट एकदम न फुटता एका बाजूने फुटत जाते. तिथे आणखी एक गोष्ट होती, त्या टेकड्या. वारा भूशिराच्या एका बाजूची वाळू टेकड्यांवरून उडवत दुसऱ्या बाजूच्या समुद्रात नेऊन टाकायचा आणि तिकडचा किनारा त्या वाळूवर जगायचा. पुढे त्या जागेवर सुट्टीची घरं झाली, वाळू उडू नये म्हणून झाडंझुडपं लावली, वाळू थांबली आणि खाडीकडचा किनारा खचत गेला. तिथल्या त्या लाटेला लोक आजही ब्रूसच्याच नावाने ओळखतात, पण ती आता क्वचित उठते. म्हणजे त्या चालत्या वाळूवरून ते दोघं चालले ते रिळावर आहे म्हणून आहे. तुझ्या फिल्ममधे ते आजोबा सांगतात ना की आधी रापण कुठवर ओढायचो आणि आता तिथे काय उभं राहिलंय, तो भाग एका मिनिटाने सुद्धा कमी करू नकोस.

एक गोष्ट मला त्या फिल्ममधे सलते आणि ती तुला सांगायलाच हवी, कारण तू पण दुसऱ्यांच्या गावात कॅमेरा नेतेस. ते दक्षिण आफ्रिकेत होते तेव्हा तिथल्या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांवरचा रिव्होनियाचा खटला नुकताच सुरू झाला होता, मंडेला आरोपीच्या पिंजऱ्यात होते. डर्बनचे चांगले समुद्रकिनारे गोऱ्यांसाठी राखीव, तिथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आपल्या भारतीय लोकांनाही त्या पाण्यात उतरायला बंदी. ब्रूस त्याच्याबद्दल जवळजवळ गप्प आहे. आणि घानामधे तो गावातल्या लोकांबद्दल अशा स्वरात बोलतो की जणू लाटेवर बसायचं ह्यांना आपणच शिकवलं, पण घानातल्याच अक्रा शहरात १८३४ मध्येच एका स्कॉटिश प्रवाशाने लिहून ठेवलंय की तिथली पोरं पोटाखाली हलकी फळी घेऊन लाटांवर येतात. गंमत म्हणजे कॅमेऱ्याने ते टिपलंय, पोरं लाकडाचे तुकडे घेऊन पाण्यात शिरतात आणि काय सराईत आहेत ते दिसतं, फक्त वर बोलणाऱ्या ब्रूसला ते कळलेलं नाही. मला ती फिल्म मनापासून आवडते आणि तरीही हा भाग आला की वाईट वाटतं. तुझ्या व्हॉइसओव्हरमधे रापणकरांबद्दल असं एक जरी वाक्य असेल तर त्यांच्यातल्याच कोणाला तरी आधी ऐकव.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. ब्रूस परत आला, फिल्म कापली, आणि १९६४ मध्ये ती घेऊन हॉल भाड्याने घेत गावोगाव फिरला. फिल्मवर बोलणं नव्हतंच, तो स्वतः हातात मायक्रोफोन घेऊन उभा राहायचा, संगीत टेपवर आणि बोलणं तोंडी, रोज संध्याकाळी. आपल्याकडे कीर्तनकार कसा समोरच्यांचे चेहरे बघून आख्यान लांबवतो आखडतो, तसं. लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात, हे त्याला समोर उभं राहून कळायचं. आपण आज जो आवाज ऐकतो तो असा शेकडो लोकांसमोर घासून आलेला आहे, म्हणूनच तो कोणी स्टुडिओत बसून वाचल्यासारखा वाटत नाही, शेजारचा कोणी तरी ओट्यावर बसून प्रवासाचं सांगतोय असं वाटतं.

मग त्याला वाटलं की ही देशभरच्या थिएटरात लागावी. वितरकांनी नाही म्हटलं. समुद्रापासून दहा मैलांच्या आत चालेल, त्यापलीकडे कोणी फिरकणार नाही, असं त्याला सांगण्यात आलं. तेव्हा त्याने काय केलं, तर प्रिंट उचलली आणि विचिटाला गेला. विचिटा म्हणजे कॅन्सस राज्यात, नकाशात अमेरिकेच्या पोटात बोट ठेव, तिथे. कुठल्याही बाजूला समुद्र नाही, आणि लावली कधी तर कडाक्याच्या थंडीत. दोन आठवडे हाऊसफुल्ल. तरी वितरकांना पटेना, म्हणून मग न्यूयॉर्कमधे एक थिएटर घेऊन १९६६ मध्ये तिथे लावली आणि ती जवळजवळ वर्षभर उतरली नाही. पन्नास हजार डॉलरमधे केलेली फिल्म, पुढे जगभर लागली आणि कोट्यवधी डॉलर मिळवले. २००२ मध्ये अमेरिकेने जतन करायच्या राष्ट्रीय चित्रपटांच्या यादीत ती घातली. ब्रूस २०१७ मध्ये गेला, माइक २०२५ मध्ये गेला, ती बातमी वाचली तेव्हा मी फिल्म परत लावली होती आणि आईने विचारलं होतं की कोण गेलं तुमचं.

विचिटाच्या लोकांनी त्यात काय बघितलं असेल ह्याचा मी खूप विचार केलाय, कारण पुण्यातल्या त्या खोलीत मी पण विचिटाचाच होतो. लाटा सुंदर आहेत हे खरंच, पण नुसत्या लाटा हल्ली मोबाईलवर त्याहून मोठ्या दिसतात, ड्रोनने काढलेल्या, आणि मी दहा सेकंदात पुढे जातो. त्या फिल्ममधे ते लोक वाट बघतात गं. ऑस्ट्रेलियाला जातात तर समुद्र सपाट, ताटात वाढलेल्या पाण्यासारखा, आणि तिथले लोक सांगतात की काल यायला हवं होतं. दिवसचे दिवस वाया जातात आणि ब्रूसने ते कापलेलं नाही, ठेवलंय. आधी एवढं हात हलवत परत येणं बघितलंय म्हणून लाट मिळाली की आपल्यालाही मिळते. शेतकऱ्याला हे सांगायला लागत नाही. तुझे आजोबा मृगात अंगणात उभे राहून जसे वर बघायचे, तसंच ती पोरं टेकडीवरून खाली बघतात, म्हणून मला ती फिल्म परकी वाटली नाही.

आणि म्हणूनच मला तुझं दुसरं व्हर्जन बघून धक्का बसला. पहिल्या कटमधे तो शॉट होता, पहाटे होडी दोर घेऊन अर्धवर्तुळ मारून येते, दोन्हीकडून तीस-चाळीस माणसं दोर ओढतात, टाचा वाळूत रुतलेल्या, बायका टोपल्या घेऊन उभ्या, आणि जाळं वर येतं तर आत नुसता कचरा आणि चार तारल्या. कोणी काही बोलत नाही. एक म्हातारा वाकून चारही तारल्या उचलतो, धुतो आणि जवळच्या पोराच्या हातात देतो. चाळीस सेकंदांचा शॉट. नवीन व्हर्जनमधे तो नाही, थेट बांगड्यांनी भरलेली रापण आणि वर ड्रोन, आणि संगीत. तू म्हणालीस की त्यांनी सांगितलं पहिल्या दोन मिनिटांत काहीतरी घडायला हवं. बाळा, ते चाळीस सेकंद म्हणजेच घडणं आहे. तो शॉट गेल्यावर भरलेली रापण बघून मला काहीच झालं नाही, पहिल्यांदा बघितली तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

तेव्हा तो शॉट परत लाव, त्याच्याखालचं संगीत काढ, दोराचा आवाज राहू दे. आणि व्हॉइसओव्हर भाड्याच्या माणसाकडून करून घेऊ नकोस, तुझा तू कर, आवाज थोडा बसलेला असतो तुझा तसाच चालेल.

दुसरं म्हणजे, पहिला शो आपण सोलापुरात करू. इथून समुद्र बघायचा तर रात्रभर एसटीत बसावं लागतं, निम्म्या लोकांनी रापण हा शब्द ऐकलेला नाही, तेच पाहिजेत आपल्याला. आत्याच्या सोसायटीच्या हॉलवाल्यांशी काल बोललो, भाडं नको म्हणाले, पडदा आणि स्पीकर आपण आणायचे, खुर्च्या ऐंशी आहेत. पडद्याचं मी बघतो. तू समोर माइक घेऊन उभी राहा आणि बोल, रेकॉर्ड केलेलं लावू नकोस. मे महिन्यात नको, हॉलला कूलर नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख कळव, मला आधी आठ दिवस लागतील सगळ्यांना सांगायला.

तुझा,
बाबा