मातीच्या पत्रिकेत गांडुळांना एक रकाना द्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

शेतकऱ्याला मातीच्या तपासणीची मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते. सामूपासून (पीएच) बोरॉनपर्यंत १२ घटक तपासले जातात. त्यात जिवंत असे काहीच नाही.

पावसाळ्यात काटोलकडच्या एखाद्या संत्राबागेत झाडाखालचा पाला सारून खणा, मग धुरा ओलांडून पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात खणा. माती तीच, पाऊस तोच, पण गांडुळे बहुधा बागेतच जास्त सापडतील. खोल उभी बिळे करणारी गांडुळे नांगर आणि रोटाव्हेटरपुढे आधी संपतात. मातीतच आडवी फिरणारी थोडी तग धरतात. पाल्यावर जगणाऱ्यांनी पऱ्हाटी जाळल्यावर जायचे कुठे? बागही तशी निर्धास्त नाही. बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणातले तांबे वरच्या थरात वर्षानुवर्षे साचते आणि ते गांडुळांना सोसत नाही. नागपूरला लागून बेसा-बेलतरोडीकडे लेआउट पडून सिमेंट झाले, तिथला तर प्रश्नच मिटला!

आपल्या काळ्या मातीत उभ्या बिळांचे मोल जास्त. ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात. मग जोराच्या पावसाचे पाणी खाली उतरायला बिळांचाच आधार.

गांडूळखताच्या बेडला सरकार अनुदान देते, ते द्यावेच. पण बेडमधली आयसेनिया फेटिडा बाहेरून आलेली, शेणकचऱ्यात वाढणारी जात आहे. ती वावरात सोडून उभी बिळे होणार नाहीत. तिथे इथलीच गांडुळे टिकायला हवीत, आणि ती किती उरलीत हे पत्रिकेवरून कळायला मार्ग नाही.

मोजणी सोपी आहे: २५ बाय २५ सेंटिमीटरचा, ३० सेंटिमीटर खोल खड्डा, आणि माती हाताने निवडायची. फक्त ती उन्हाळ्यात नको. मातीचे नमुने बहुधा पिके निघाल्यावर घेतात; नागपूरच्या मे महिन्यात गांडुळे खोल जाऊन वेटोळे करून निपचित पडलेली असतात. तेव्हा मोजाल तर सगळीच वावरे रिकामी दिसतील. ऑगस्टमध्ये मोजा.

मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था इथे अमरावती रोडवरच आहे. तिच्याकडून पद्धत ठरवून घ्या आणि येत्या खरिपात काटोल, नरखेड, हिंगणा या तीन तालुक्यांत सुरुवात करा. आकड्याशेजारी पीक, नांगरटी आणि फवारलेली औषधेही नोंदवा. एवढी मागणी हिवाळी अधिवेशनात मंजूर करावी.

आपला,
नागपूर जिल्ह्यातील एक शेतकरी