टेप लावला म्हणजे नोंद झाली?

मा. संपादक,

कालच्या अंकातील ‘टेकडीवर आदिमानवाचे थडगे’ ही शिळावर्तुळाची, म्हणजे दगडांच्या गोल कड्यात दगडमातीचा ढीग असलेल्या प्राचीन दफनाची, बातमी वाचली. उन्हातान्हात टेकडी चढणाऱ्यांचे कौतुकच आहे. पण फोटोत चौघे ढिगावर उभे आहेत आणि मोजायचा टेप ढिगाच्या पाठीवरून टाकला आहे. नोंद तिथेच फसली. व्यास १२ मीटर आणि मधला उंचवटा १ मीटर असेल, तर असा टेप निदान १६ सेंटिमीटर जास्त दाखवतो. वर्तुळाबाहेर समोरासमोर दोन खुंट्या ठोकून सुतळी ताणायची, पाणसळीने समपातळीत आणायची, कडेच्या दगडांवर ओळंबा सोडायचा आणि सुतळीच्या बाजूने मोजायचे. दर अर्ध्या मीटरला सुतळीपासून खालचे अंतर घेतले की ढिगाचा छेदही मिळतो. हेच उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, वर्तुळाच्या आतून आणि बाहेरून. होकायंत्र दगडावर टेकवू नये. बेसाल्टवर सुई भरकटते.

त्याहून वाईट म्हणजे ‘विस्कटलेले दगड पुन्हा गोलात लावले’ हे वाक्य, आणि तेही अभिमानाने! दगड निखळला असेल तर तो निखळलेलाच नकाशात दाखवायचा. जिथे खिंडार आहे तिथे खिंडारच काढायचे. आता मूळचा दगड कोणता आणि परवाचा कोणता, हे कोण सांगणार? गवतही उपटू नये, विळ्याने कापावे. मुळांबरोबर भरावातले गोटे आणि खापरे वर येतात. वर पडलेल्या खापराची जागा नकाशात मांडून, फोटो घेऊन ते तिथेच ठेवावे.

दगडांवरचे वाटीसारखे खळगे खडूने भरलेले दिसतात. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या शिळावर्तुळांतही असे खळगे आहेत, रांगेने कोरलेले. खडू फासला की फोटोत खळगा दिसत नाही, फासणाऱ्याचे मत तेवढे दिसते. सकाळचे तिरपे ऊन किंवा संध्याकाळी बाजूने आडवी धरलेली बॅटरी पुरते. शेजारी २० सेंटिमीटरची मोजपट्टी ठेवायची, झाले.

आता थोडे आपल्याविषयी. ‘आदिमानव’ हा शब्द कोणी सुचवला? विदर्भातली ही वर्तुळे लोहयुगातली. नागपूरजवळच्या माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खननात घोड्याचे तांब्याचे दागिने निघाले. घोडा सजवणारा आदिमानव आम्हाला तरी ठाऊक नाही.

आणि बातमीच्या चौकटीत गट क्रमांक, रस्ता, वर ‘खजिना?’ असे प्रश्नचिन्ह. अशा वर्तुळांत बहुधा काळी-तांबडी मडकी आणि गंजलेले लोखंड निघते, पण पहारी घेऊन येणाऱ्यांना ते खणल्यावरच कळते. अचूक अक्षांश-रेखांश पुरातत्त्व विभागाला कळवायचे असतात. वाचकांना तालुक्याचे नाव पुरते. निदान ऑनलाइन आवृत्तीतली ती चौकट आजच काढावी.

— एक वाचक, नागपूर