ओवीच्या शाळेबद्दल

कोरेगाव

चि. अमित यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर आपलं बोलणं अर्धवटच राहिलं. "आई, आमचं ठरलंय, तुला फक्त सांगतोय," असं तू म्हणालास आणि मी गप्प बसले. राग आला नव्हता. जे मनात होतं ते फोनवर धड मांडता येईना, म्हणून लिहायला बसले. ठरलेलं मोडा असं सांगायला हे पत्र लिहीत नाही, एवढं आधी लक्षात घे.

चौथी संपल्यावर ओवीचं नाव शाळेतून काढायचं आणि तुम्ही आठ घरांनी मुलांना एकत्र शिकवायला भाड्याने घेतलेल्या त्या बंगल्यात तिला कायमचं घालायचं, हे ऐकून तुझ्या आत्याला धक्का बसला. मला बसला नाही. दर सोमवारी सकाळी पोट दुखतं म्हणून पांघरुणात गोळा होऊन पडलेली पोर मी डोळ्यांनी बघितली आहे. मंगळवारी तेच पोट ठणठणीत असायचं. एका वर्गात पन्नासाच्या आसपास मुलं कोंबल्यावर बाईंनी तरी कुणाकडे बघायचं?

सुट्टीत तुमच्याकडे आले होते तेव्हा रश्मी मला तिथे दिवसभर घेऊन गेली होती. त्या दिवशी मुलांनी भाजणी करायला घेतली होती. ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धणे, सगळं ओट्यावर वेगवेगळ्या पातेल्यांत. वहीत प्रमाण होतं पाच माणसांचं आणि थालीपीठं हवी होती अकरा जणांना. एक मुलगा म्हणाला, दुप्पट करू. ओवी म्हणाली, दुप्पट केलं तर दहाच होतात, अकराव्याचं काय? मग तिने आधी एका माणसाला किती लागेल ते काढलं आणि त्याला अकराने गुणलं. अरे, ही एकमान पद्धत! ती फळ्यावर शिकवताना माझ्या वर्गातली निम्मी पोरं खिडकीबाहेर बघत बसायची. ही डाळीत हात घालून, कुणी न सांगता तिथवर पोचली. तेव्हा मी काही बोलले नाही, पण रात्री झोप लागेना इतकं भरून आलं होतं. रश्मीला हे सांग.

तरी मला भीती वाटते, आणि ती एकाच गोष्टीची. आठ घरं आहेत. त्यातल्या दोघांच्या नोकऱ्या बंगळूरला गेल्या, एकाचं दुसऱ्याशी बिनसलं, मालकाने बंगला रिकामा करायला सांगितला, की ओवी कुठे जाणार?

कायद्याचं मी बघून घेतलंय. 2010 च्या एप्रिलपासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. 6 ते 14 वयाचं मूल शाळेबाहेर राहिलं असेल तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, हे त्यातलं कलम 4. म्हणजे परतीचं दार बंद होत नाही. पण त्याच कायद्यात मान्यता नसताना शाळा चालवायला मनाई आहे. तेव्हा बंगल्यावर शाळा म्हणून पाटी लावू नका, पावतीवर फी असा शब्द घालू नका आणि एखाद्या जाणत्या वकिलाला एकदा कागद दाखवून घ्या. दहावीला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं बोर्ड आहे, 14 पूर्ण झाली की बसता येतं. नाहीतर बाहेरून परीक्षेला बसायला आपल्या बोर्डाचा सतरा नंबर फॉर्म आहे. त्याला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, म्हणून दाखला हातात पडताक्षणी जन्मतारीख, आईचं नाव, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ, सगळं जनरल रजिस्टरशी ताडून बघ. एका वेलांटीसाठी लोकांना किती हेलपाटे घालावे लागतात ते मी ऑफिसच्या दारात उभं राहून बघितलंय. आणि फॉर्म भरेपर्यंत मूळ दाखला दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. झेरॉक्स द्यायची.

बघ, सुरू झालं माझं. चाळिशीला आलेल्या मुलाला मी दाखला कसा सांभाळायचा ते सांगते आहे. माफ कर.

तुला वाटत असेल आई जुन्या वळणाची, तिला शाळा म्हणजे घंटा आणि हजेरी. तसं नाही रे. डी.एड.ला असताना आमची सहल डहाणूजवळच्या कोसबाडला गेली होती. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांच्या अंगणात न्यायची. गुरं राखायला गेलेली पोरं कुरणात असतील तर कुरणशाळा. शिंपले, बिया, पानं हेच मोजायचं साहित्य. परत येताना गाडीत आम्ही पोरी दुसरं काही बोलतच नव्हतो. आणि फलटण तर आपल्या जिल्ह्यातलंच. मॅक्सीन बर्नसन यांनी 1986 साली तिथे कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली, वाचन कसं शिकवायचं ते तिथून किती शिक्षकांनी उचललं. तुमच्या पुण्यात अक्षरनंदन 1992 पासून आहे. छोट्या, वेगळ्या शाळांशी माझं भांडण कधीच नव्हतं.

पण त्या टिकल्या कशा ते बघ. संस्था नोंदवली, शिक्षक नेमले, स्वतःची मुलं शिकून बाहेर पडली तरी माणसं तिथेच राहिली. ताराबाई 1973 साली गेल्या आणि कोसबाडचं काम एक दिवस थांबलं नाही, कारण बोर्डीपासून बरोबर असलेल्या अनुताई वाघ तिथे होत्या. तुमच्याकडे अनुताई कोण? त्या दोन ताया फार गोड शिकवतात, पण एकीचं लग्न ठरलंय असं ओवीच मला सांगत होती.

तुला साखरशाळेची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेची, वर्षं आठवतात का? मी कारखान्यावर जायचे आणि तू बापूकाकांकडे जेवायचास. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, पाचटाच्या कोप्या उभ्या राहायच्या. त्यात एक मुलगी होती, कडेवर धाकटा भाऊ घेऊनच वर्गात बसायची. फेब्रुवारीत तिला जोडाक्षरं यायला लागली. एक दिवस बिस्किटाच्या पुड्यावरचं सगळं वाचून दाखवलं आणि पुडा परत घडी घालून पोलक्यात ठेवला. एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळी गेली. पुढच्या हंगामात ती आली तेव्हा अक्षरं विसरली होती. ते एवढं वाईट नाही, अक्षरं पुन्हा येतात. पण ती पुढे येऊन बसेना. भिंतीला टेकून बसायची, विचारलं की खाली बघायची. एवढ्यातच पुन्हा सगळं सोडून जायचंय, हे तिला कळलं होतं.

ओवीची आणि तिची बरोबरी होत नाही, मला कळतं. तिच्या आईबापांना दुसरा रस्ता नव्हता, तुमच्यापुढे चार आहेत. तरी मूल एका जागी जीव लावतं आणि ती जागा नाहीशी होते, हे मी दर वर्षी बघितलंय. घरातही बघितलंय. वडूजच्या त्या वर्षाबद्दल मी लिहीत नाही. बाबांची बदली झाली होती, इलाज नव्हता. तू तीन महिने वर्गात कुणाशी बोलला नव्हतास.

म्हणून तुम्ही आठ घरांनी एक दिवस बसा आणि हे मोकळेपणी बोला. मुलं कशी शिकतील यावर तुम्ही खूप बोलता, मी ऐकलंय. वेगळं व्हायची वेळ आली तर काय, यावर त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. पाहुणी म्हणून मीही विचारलं नाही. शिवाय ओवीच्या वयाच्या तिथे दोनच मुली आहेत, बाकी लहान. आठवड्यातून दोन संध्याकाळी तिला कबड्डी नाहीतर पोहायला, जिथे पुष्कळ मुलं असतील अशा ठिकाणी घाला. शाळेतल्या तिच्या मैत्रिणीच्या घरचं येणंजाणं तोडू नका.

बाबा तुझ्या बाजूने आहेत, हे तुला माहीत असेलच. ते म्हणतात, पोर हसायला लागली ना, मग झालं. त्यांचं खरंही असेल.

आंब्याची पेटी शनिवारच्या गाडीने पाठवते. वरचे पिकलेले आधी संपवा, खालचे गवतात राहू देत. रश्मीला आणि ओवीला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. – हे आणखी लिहायचं नव्हतं, पण राहवत नाही. जे घर बाहेर पडेल त्याने शैक्षणिक वर्ष पुरं करूनच पडायचं, असं कागदावर घ्या आणि सगळ्यांच्या सह्या करा. सहा महिन्यांचं भाडं आणि तायांचा पगार वेगळ्या खात्यात टाकून ठेवा. त्यात आमच्याकडून पन्नास हजार धर. बाबांशी बोलले आहे.